विश्लेषण : गर्दी आहे, मग मुक्काम का नाही? कोल्हापूरच्या पर्यटनाचे गणित नेमके कुठे अडते?

पहाटे पुण्याहून निघायचे, दहाला अंबाबाईच्या रांगेत उभे राहायचे, बाराच्या सुमारास मिसळ किंवा वार चालत असेल तर तांबडा-पांढरा, नंतर चप्पल लाईनला अर्धा तास आणि चार वाजता गाडी गोव्याच्या, कोकणच्या किंवा परत पुण्याच्या दिशेने. कोल्हापूरला येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा दिवस थोड्याफार फरकाने असाच जातो. पर्यटक येतात, पण रात्री राहत नाहीत, ही येथील हॉटेल व्यावसायिकांची तक्रार जुनी आहे. आता मात्र मंदिर आराखडा, पन्हाळ्याचे जागतिक मानांकन, वंदे भारत आणि सर्किट बेंच असे चार-पाच विषय एकाच वेळी जमून आल्याने ती तक्रार नव्याने तपासण्यासारखी झाली आहे.

सध्या हा विषय चर्चेत का?

६ मे २०२५ रोजी चोंडी (जि. अहिल्यानगर) येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत तीर्थक्षेत्र विकासाचे अनेक आराखडे मंजूर झाले. त्यात अंबाबाई (महालक्ष्मी) मंदिरासाठी १,४४५.९७ कोटी आणि जोतिबासाठी २५९.५९ कोटी रुपये आहेत. त्यानंतर दोन महिन्यांनी, ११ जुलै २०२५ रोजी, पॅरिसमधील बैठकीत युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यात पन्हाळा आहे. राधानगरी अभयारण्य पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासूनच या यादीत आहे. म्हणजे एक नैसर्गिक आणि एक सांस्कृतिक, अशी दोन जागतिक वारसास्थळे एकाच जिल्ह्यात आली. राज्यात असे फार जिल्हे नाहीत. कोल्हापूरकरांना मात्र राधानगरीच्या मानांकनाची आठवण अनेकदा करून द्यावी लागते.

दळणवळणही सुधारले. उजळाईवाडी विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-कोल्हापूर वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस धावू लागली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील वकील-पक्षकार सोमवार ते शुक्रवार शहरात येऊ लागले.

पर्यटक येतो, मग थांबत का नाही?

पहिले कारण नकाशात दिसते. कोल्हापूर पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून आहे. पुण्यापासून अंतर सुमारे २३० किलोमीटर आणि पणजीपासूनही जवळपास तेवढेच. मध्यावर असलेल्या शहराला नेहमीच जेवणाचा थांबा होण्याचा धोका असतो. पुण्याहून गोव्याला निघालेल्या माणसासाठी कोल्हापूर हे 'वाटेत दर्शन घेऊ' असे ठिकाण आहे. त्याने हॉटेलचे आरक्षण आधीच कळंगुट किंवा मालवणला केलेले असते.

दुसरे कारण शहराच्या रचनेत आहे. बघण्यासारखे बरेच काही अंबाबाई मंदिरापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत आहे. भवानी मंडप, खासबाग, टाऊन हॉल, बिंदू चौक, रंकाळा, पंचगंगा घाट. चालत फिरण्याजोगे शहर म्हणून हे मोठे सुख आहे. पण याच दीड किलोमीटरात गाड्या लावायला जागा नाही. कोल्हापूर महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर आहे आणि १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून हद्दवाढीचा प्रश्न लोंबकळतच आहे. जुने शहर तेवढेच, त्यात स्थानिकांची वाहने आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरगावच्या गाड्या. पार्किंग शोधण्यात तासभर घालवलेल्या चालकाला एकदा लावलेली गाडी संध्याकाळी पुन्हा काढून हॉटेलवर नेणे नको असते. तो सरळ महामार्ग गाठतो.

तिसरे कारण सर्वात कमी बोलले जाते. कोल्हापूरच्या ज्या गोष्टी खरोखर कोल्हापूरच्या आहेत, त्या सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सहाच्या नंतर घडतात. गंगावेश, मोतीबाग या तालमींत मल्लांचा सराव पहाटे चालतो. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशी आणून समोर पिळलेले धारोष्ण दूध मिळते ते संध्याकाळनंतर. रंकाळ्यावर भेळ खायला कोल्हापूरकर दुपारी बारा वाजता जात नाही. किरणोत्सव तर मावळतीचाच असतो. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत सूर्यास्ताच्या वेळी किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत पोहोचणे अपेक्षित असते. (ढग, हवेतील धूळ-बाष्प आणि किरणांच्या वाटेतील बांधकामे यामुळे ती दरवेळी पोहोचतातच असे नाही.) चार वाजता निघालेल्या गाडीतल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याने पाहिलेले कोल्हापूर दुपारचे असते. दुपारी हे शहर जरा झोपतेच.

दर्शनाच्या रांगेत वेळ का जातो?

याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. मंदिर जुने, दगडी, अरुंद अंतराळ आणि गाभाऱ्यासमोर एका वेळी मोजकीच माणसे. समजा, मिनिटाला ३० भाविक देवीसमोरून पुढे सरकले. तासाला १,८०० झाले. १६ तास रांग अखंड चालली तरी दिवसाला २८,८०० जणांचेच जवळून दर्शन होते. नवरात्रात एखाद्या दिवशी एक लाख लोक आले तर त्या सर्वांना याच वेगाने ५५ तासांहून अधिक वेळ लागेल. म्हणूनच मुखदर्शनाची वेगळी सोय करावी लागते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. मुद्दा असा की बाहेरचा मंडप कितीही मोठा केला तरी आतली वाट रुंद होत नाही. मोठ्या मंडपामुळे रांग सावलीत येते, पाणी-स्वच्छतागृह मिळते, ज्येष्ठांना बसता येते. हे सर्व गरजेचे आहे. वेळ मात्र तेवढाच लागतो.

वेळ वाचवायचा असेल तर गर्दी दिवसभरात पसरवावी लागते. अथेन्समधील ॲक्रोपोलिस टेकडीवर सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २० हजार पर्यटकांची मर्यादा आणि तासागणिक वेळेची तिकिटे आहेत. आपल्याकडे तिरुपतीला वेळ ठरवून दर्शनाची पद्धत अनेक वर्षे रुळलेली आहे. भाविकाला सकाळीच 'तुमचे दर्शन दुपारी तीन ते चार' असे कळले तर मधले चार-पाच तास तो शहरात फिरतो, खातो, खरेदी करतो. रांगेत उभा असलेला माणूस खरेदी करत नाही. महाद्वार रोडच्या दुकानदारांच्या दृष्टीने हा फरक छोटा नाही.

१,४४५ कोटींच्या आराखड्यात कोणाचे काय पणाला लागले आहे?

आराखड्याचा मोठा भाग मंदिर परिसर मोकळा करण्याशी, म्हणजे भूसंपादनाशी जोडलेला आहे. दर्शन मंडप, पार्किंग, भाविकांच्या सुविधा यांना जागा लागते आणि मंदिराभोवती मोकळी जागा नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. वर घर आणि खाली ओटी-बांगड्या-कुंकवाचे दुकान अशी रचना आहे. पुनर्वसन कुठे, किती चौरस फुटांचे आणि कधी, या प्रश्नांभोवती त्यांची धास्ती फिरते. देवळापासून तीनशे मीटर लांब गेलेले ओटीचे दुकान हे ओटीचे दुकान राहत नाही, हे त्यांचे म्हणणे गणिताने खोडता येण्यासारखे नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. सणासुदीला त्या बोळांत रुग्णवाहिका शिरणे अवघड आहे. आग लागली तर काय, हा प्रश्न कोल्हापूरने अलीकडेच दुसऱ्या ठिकाणी अनुभवला आहे; त्याविषयी पुढे.

यात आणखी एक अडचण होती. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकांकडे होता. मंदिर परिसरातील रहिवाशाने गाऱ्हाणे घेऊन जावे असा नगरसेवकच त्या काळात नव्हता. आता आहे. त्यामुळे आराखड्यावरची खरी चर्चा कदाचित यापुढेच ऐकू येईल.

देवीचा वार आणि मटणाचा वार

कोल्हापूरच्या पर्यटनाची कुठलीही चर्चा जेवणापाशी येतेच. पण इथे एक गंमत आहे, जी बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार. अनेक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवारही पाळला जातो. उरले बुधवार आणि रविवार. मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात त्या याच दोन दिवशी. शुक्रवारी दर्शनाला आलेले कुटुंब त्या दिवशी मटण खाणार नाही आणि खायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणारही नाही. श्रावण आणि नवरात्रात तर प्रश्नच मिटतो. म्हणजे शहराचे दोन सर्वात मोठे आकर्षण एकाच दिवशी बसत नाहीत. दोन्ही हवे असतील तर मधे एक रात्र लागते. मुक्कामाचे याहून चांगले कारण कुठल्या जाहिरात कंपनीला सुचले नसते, पण ते कोणी वापरलेले दिसत नाही.

तांबडा आणि पांढरा हे एकाच पातेल्यातून निघतात, हेही बाहेरच्यांना सांगावे लागते. मटण हळद-मीठ, आले-लसूण घालून शिजवले की जे पाणी उरते ते अळणी. त्यात नारळाचे दूध, तीळ-खसखस-काजूचे वाटण आणि खडा मसाला गेला की पांढरा. कांदा-लसूण चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण गेले की तांबडा. पांढरा रस्सा तिखट नसतो, पोटाला बरा असतो आणि आधी प्यायचा असतो. 'कोल्हापुरी' नावाखाली देशभरातील हॉटेलांत मिळणारी लालभडक भाजी कोल्हापुरात मात्र शोधूनही सापडणार नाही. इथला तिखटपणा चटणीत असतो. ही चटणी घरोघरी उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवली जाते. कुठल्या घराची चटणी कुठल्या डंकावर कांडली जाते, हा इथे गंभीर विषय आहे.

मिसळीचेही तसेच. पुण्याची मिसळ पोह्यांच्या, बटाट्याच्या आधाराने सौम्य होते. इथे मटकी, फरसाण, वर कट आणि सोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस. फडतरे, बावडा, चोरगे ही नावे बाहेरच्यांनाही माहीत झाली आहेत. पण मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. बाहेरगावचा पर्यटक दर्शन उरकून येतो तेव्हा कट अनेकदा तळाला आलेला असतो. संध्याकाळी लोणी डोसा, रंकाळ्यावर भेळ, गंगावेशीत दूध. गूळ हा स्वतंत्र विषय. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटली की करवीर, पन्हाळा, कागल तालुक्यांत काकवी आणि गरम गूळ जागेवरच खायला मिळतो. युरोपात द्राक्षमळ्यातून फिरवून आणायचे पैसे घेतात. इथे गुऱ्हाळावर गेलेल्या पाहुण्याला फुकट काकवी पाजून वर गुळाची ढेप हातात ठेवतात. त्यात कोल्हापूरचा मोठेपणा आहे, आणि व्यवसायाचे नुकसानही.

कोल्हापूरचे राजे युरोपात पर्यटक होते तेव्हा

पाहुण्याने एखादे शहर कसे पाहावे, याचा एक जुना दाखला कोल्हापूरकडेच आहे. १८७० मध्ये छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंड आणि युरोपच्या प्रवासाला गेले. त्यांनी रोजनिशी ठेवली. ती कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित केली आणि १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी, ऐन विशीत, फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि १८७४ मध्ये तिथे त्यांचा अर्धपुतळा व छत्री उभारली गेली. आज कास्चिने उद्यानाच्या टोकाला असलेले हे स्मारक फ्लॉरेन्सचे प्रेक्षणीय स्थळ आहे आणि शेजारचा पूल 'इंडियानो' याच नावाने ओळखला जातो. एका परक्या तरुणाची आठवण त्या शहराने दीडशे वर्षे जपली.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये एडवर्ड सातवे यांच्या राज्यारोहण समारंभासाठी लंडनला गेले. त्याच दौऱ्यात त्यांनी रोमचे कलोझियम पाहिले आणि त्यावरून कोल्हापुरात कुस्तीचे मैदान बांधायची कल्पना घेतली, असे सांगितले जाते. १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झाले. मधला हौदा आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. शेजारी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शहरातील कितीतरी माणसे त्या रात्री तिथे उभी राहून रडली. पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. पण संध्याकाळी मुक्कामी पाहुण्याला नेऊन बसवता येईल असे शहराच्या मध्यावरचे ठिकाण त्या रात्रीपासून गेले ते गेलेच.

युरोपचा तिसरा धागा टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात १९४०च्या दशकात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. रोमन जगातला समुद्रदेव दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून कोल्हापूरपर्यंत आला होता. रोममध्ये असा एखादा भारतीय देव सापडला असता तर त्याच्यासाठी वेगळे दालन झाले असते. (पाँपेईत सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीप्रतिमा आजही नेपल्सच्या संग्रहालयाची शान आहे.) कोल्हापुरात चप्पल लाईनपासून चालत जाण्याच्या अंतरावर पोसायडन आहे आणि चप्पल घेऊन निघालेल्या दहांपैकी नऊ जणांना त्याचा पत्ता नसतो.

युरोपातील शहरे एकदिवसीय पर्यटकाचे काय करतात?

व्हेनिसने एप्रिल २०२४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. ठरावीक गर्दीच्या दिवशी फक्त दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेश शुल्क. रात्री राहणाऱ्यांना माफी. तर्क असा की मुक्काम करणारा आधीच हॉटेलमध्ये कर भरतो. दिवसाचा पाहुणा कचरा आणि गर्दी ठेवून जातो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर आहे. लिस्बनने सप्टेंबर २०२४ मध्ये तो माणशी एका रात्रीला दोन युरोंवरून चार युरो केला. हा पैसा शहराच्या तिजोरीत येतो आणि रस्ते, स्वच्छता, उद्याने यांवर खर्च करता येतो.

कोल्हापूर महापालिकेकडे असा थेट मार्ग नाही. पूर्वीचा चैनकर राज्याचा होता, तो जुलै २०१७ मध्ये जीएसटीत विलीन झाला. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे. तो केंद्र आणि राज्यात वाटला जातो. महापालिकेला राज्याकडून जीएसटी भरपाई मिळते, पण शहरात आज किती खोल्या भरल्या याच्याशी तिचा थेट संबंध नसतो. परिणामी हॉटेले भरली काय आणि रिकामी राहिली काय, महापालिकेच्या हाती येणारी रक्कम फारशी हलत नाही; घरपट्टी आणि पार्किंगची पावती तेवढी तिची. कचरा उचलायचा, वाहतूक सांभाळायची आणि रंकाळ्यात मिसळणारे सांडपाणी रोखायचे, ते मात्र तिलाच. रंकाळ्याचे पाणी हिरवे पडले, केंदाळ वाढले की दरवर्षी आंदोलन होते, यंत्रे येतात, केंदाळ निघते. नाले पूर्ण वळवण्याचे काम दर वेळी उरतेच. मुक्कामी पाहुण्यासाठी शहरातील सर्वात सुंदर संध्याकाळ रंकाळ्यावर आहे, आणि नेमकी तीच वासामुळे बिघडते.

जिल्ह्यात एका ठिकाणी मात्र व्हेनिससारखी व्यवस्था फार आधीपासून आहे. पन्हाळ्यावर शिरताना नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो. अनेकांना ती पावती त्रासदायक वाटते. पण गडावरच्या छोट्या नगरपरिषदेला पर्यटकाकडून थेट मिळणारा तो पैसा आहे.

पन्हाळ्याचे मानांकन : अभिमान आणि धाकधूक

यादीतील बहुतेक किल्ले निर्जन आहेत. पन्हाळा तसा नाही. गडावर गाव आहे, शाळा आहे, सरकारी कार्यालये आहेत, हॉटेले आहेत आणि तीन दरवाजा-अंधारबावीच्या आसपास झुणका-भाकर, ठेचा, दही विकून घर चालवणाऱ्या बायका आहेत. मानांकनाआधीच्या वर्षात तिथे विरोधाचा सूर उमटला तो यामुळेच. घराची भिंत पडली तर बांधायला परवानगी मिळेल का, टपरी हटवणार का, गाड्या खालीच थांबवणार का, हे प्रश्न होते. मानांकन मिळाल्यावर जल्लोषही झाला. प्रश्न जागच्या जागी राहिले. वारसा यादीत आलेल्या स्थळासाठी व्यवस्थापन आराखडा पाळावा लागतो आणि त्यात गर्दी, बांधकाम, वाहने यांचा हिशेब द्यावा लागतो.

पन्हाळ्याचा डोंगर स्वतःही इशारा देऊन चुकला आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची वाट बंद झाली. त्या काळात गडावरील व्यवसाय कसे बसले, हे तिथल्या कोणाही हॉटेलवाल्याला विचारावे. सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट ऐकायला लोक येतात. वाहतुकीला एकच मुख्य रस्ता असलेल्या गडाचे काय होते, हे त्या पावसाळ्यात गावकऱ्यांनी वेगळ्या अर्थाने पाहिले.

चप्पल : मिलानमध्ये गाजली, लाईनमध्ये काय?

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन सप्ताहात कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि मूळचा उल्लेख न केल्याने गदारोळ झाला. नंतर कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले आणि तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन गेले. कोल्हापुरी चप्पलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचे आहे.

पर्यटकाच्या बाजूने प्रश्न सोपा आहे. समोरची चप्पल खरी की दुसरीकडून आलेली यंत्राची? बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेले चामडे, हाताची शिलाई, चामड्याचीच वेणी, यासाठी वेळ लागतो आणि तो किमतीत दिसतो. दीडशे-दोनशे रुपयांत अस्सल जोड येऊ शकत नाही. आता लिडकॉमने क्यूआर कोड लावलेली चप्पल आणली आहे. कोड स्कॅन केला की मूळ कळते. पण अर्ध्या तासाच्या खरेदीत घासाघीस होते, स्कॅन होत नाही. कापशीला जाऊन चप्पल बनताना पाहणारा पर्यटक दुप्पट पैसे आनंदाने देईल. त्यासाठी त्याच्याकडे आणखी एक दिवस हवा, आणि गाडी पुन्हा तिथेच येऊन थांबते.

पावसाळ्याचे काय?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये 'पंचगंगेची पातळी किती' हे विचारूनच बाहेरचे लोक आरक्षण करतात. वास्तविक राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा, राऊतवाडीचा धबधबा यांचा हंगाम हाच. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग झाला तर कोकणाशी दुसरा दुवा तयार होईल. पण तो मंजूर होऊन अनेक वर्षे झाली, गाडी धावलेली नाही. तीर्थक्षेत्रे जोडण्यासाठी आखलेल्या ८०२ किलोमीटरच्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला सर्वात तीव्र विरोध झाला तो कोल्हापूरच्याच शेतकऱ्यांकडून. बागायती, उसाची जमीन जाते आणि पुराच्या पाण्याला आणखी एक भराव आडवा येतो, हे त्यांचे दोन मुख्य आक्षेप आहेत. विशेष म्हणजे, गोव्याला आणखी लवकर पोहोचवणारा रस्ता कोल्हापूरचा मुक्काम वाढवेल की कमी करेल, हा प्रश्न पर्यटनाच्या बाजूनेही विचारण्यासारखा आहे.

दोन रात्री काढायच्या तर?

वंदे भारत सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकानुसार ती पुण्याहून बुधवार, शुक्रवार आणि रविवारी दुपारी निघून संध्याकाळी कोल्हापुरात येते, आणि कोल्हापूरहून सोमवार, गुरुवार, शनिवारी सकाळी सुटते. शुक्रवारी आलेल्याला आठवडाअखेरीस थांबायचे असेल तर परतीची गाडी सोमवारी सकाळची. नकळत का होईना, हे वेळापत्रक मुक्कामाचेच आहे. (निघण्यापूर्वी सध्याच्या वेळा तपासून घ्याव्यात.)

शुक्रवारी रात्री गंगावेशीत दूध. शनिवारी पहाटे, गर्दीच्या आधी अंबाबाई. मग मिसळ, टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस. ऊन उतरल्यावर पन्हाळा, परतताना जोतिबा. रविवारी सकाळी खिद्रापूर. कोल्हापूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर, कृष्णेकाठी, शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर आहे. ४८ खांबांचा स्वर्गमंडप आणि वर आकाशाकडे उघडे वर्तुळ. शिवमंदिर असूनही समोर नंदी नाही. वाटेत नृसिंहवाडीला बासुंदी आणि कंदी पेढे. दुपारी दोनपर्यंत शहरात परत आले तर मटणाचे ताट मिळते, कारण तो रविवार असतो. तीननंतर आलेल्यांना अनेक ठिकाणी पांढरा संपल्याचे सांगितले जाते आणि त्याबाबत कोणी दिलगिरी व्यक्त करत नाही.